माजी विद्यार्थ्याने कुठे बसावे?

वाचकांचे प्रश्न : विद्यार्थी रंगभूमी

गेल्या अंकात बडोद्याच्या विद्यार्थी नाट्यगटांवर जे टिपण प्रसिद्ध झाले, त्यात माजी विद्यार्थ्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः बडोद्यात शिकलो आणि विद्यार्थिदशेची सगळी वर्षे कॉलेजच्या नाटकात घालवली, त्यामुळे या विषयात मी त्रयस्थ नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : पदवी घेऊन बाहेर पडलो त्याला २७ वर्षे झाली. त्या काळी मी आमच्या विद्याशाखेच्या नाट्यगटात होतो. कामे लहानच मिळाली, पण तीन वर्षांत एकही तालीम चुकवली नाही. गेल्या महिन्यात त्याच गटाची एकांकिका पाहण्याचा योग आला. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, सारे मुलांनीच केले होते. नाटकातली आजी मराठीत बोलत होती, दुकानदार गुजरातीत आणि नात दोघांशीही हिंदीत. पडदा पडला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. नंतर आत गेलो, तर मला ओळखणारे कोणीच नव्हते. विंगेत प्रॉपर्टीचे, म्हणजे नाटकात लागणाऱ्या हातातल्या वस्तूंचे, टेबल मात्र आमच्या वेळी मांडत असू तसेच मांडलेले दिसले. घरी येऊन जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सारे लिहिले, तर 'आपल्या वेळची सर आता कुठे' आणि 'भाषेची ही खिचडी कशाला' अशी उत्तरे आली. ज्या प्रयोगाला मी हातही लावला नाही, त्याचा अभिमान बाळगण्याचा मला अधिकार आहे का? शिवाय गटाच्या पुढच्या वार्षिक कार्यक्रमात आपण आपले जुने नाटक पुन्हा उभे करावे, असे मित्रांच्या मनात आहे. ते योग्य होईल का?
— एक माजी विद्यार्थी, मांजलपूर

उत्तर : अधिकार आहे, आणि आपण समजता त्यापेक्षा तो पक्का आहे. आपण प्रॉपर्टीच्या टेबलाविषयी ओझरते लिहिले होते, म्हणून मी आपल्याला फोन करून त्याचे वर्णन मुद्दाम विचारले. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेले, त्यावर प्रत्येक वस्तू ठेवून तिच्या कडेने स्केचपेनने रेघ ओढलेली आणि रेघेच्या आत तिचे नाव लिहिलेले : आजीचा चष्मा, तराजू, पानाचा डबा. चष्मा रंगमंचावर गेला की कागदावर त्याची नुसती आकृती उरते आणि काळोखातही एका नजरेत कळते की काय बाहेर आहे आणि काय परत आलेले नाही. आपल्या वेळी हीच पद्धत होती, असे आपण सांगितलेत. आपल्या अभिमानाचा आधार मला त्या टेबलावर सापडतो.

थोडा हिशेब करून पाहू. पदवीचा अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी मुलगा खुर्च्या आणि लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलतो, दुसऱ्या वर्षी त्याला भूमिका मिळते, तिसऱ्या वर्षी तो तालीम लावू लागतो, आणि काम खऱ्या अर्थाने कळू लागते न लागते तोच त्याचा निरोप समारंभ होतो. हौशी संस्थेत तीस-तीस वर्षे किल्ल्या सांभाळणारा एखादा कार्यवाह असतो, व्यावसायिक नाटकाला निर्माता आणि व्यवस्थापक असतो. विद्यार्थी गटात असे कायमचे कोणीच नसते आणि दर तीन वर्षांनी त्यातले एकूण एक माणूस बदललेले असते. म्हणजे २७ वर्षांत आपल्या गटाच्या नऊ पिढ्या झाल्या. कोणत्याही नियमावलीत न लिहिलेली, कोणी परीक्षेत न विचारलेली ती टेबलाची पद्धत नऊ वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि वाटेत सांडली नाही. त्या मुलांना आपले नाव ठाऊक नव्हते, हे खरे. पण आपण तीन वर्षे न चुकता तालमीला गेलात आणि पाठीमागून आलेल्यांनी आपल्याला ते टेबल मांडताना पाहिले, म्हणून ते तिथे होते. आपणही ते कोणाचे तरी पाहूनच शिकला असाल आणि त्याचे नाव आपल्याला आता आठवत नसेल.

आता भाषेविषयी. आपल्या मित्रांची काळजी मला समजते, कारण ज्या गावी २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या गावच्या मुलांनी मराठीत नाटक करावे ही अपेक्षा काही अवाजवी नाही. मात्र बडोद्याच्या मराठी घरातले मूल वाढते ते घरात मराठी, रिक्षावाल्याशी गुजराती, मित्रांत हिंदी आणि विद्यापीठाच्या वर्गात इंग्रजी ऐकत. इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशिक्षणाशी चंद्रवदन मेहता या गुजराती नाटककाराचे नाव जोडलेले आहे, विद्यापीठातले प्रेक्षागृहही त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि दांडिया बाजारातल्या मराठी घरांतली मुले त्याच रंगमंचावर उभी राहून मोठी झाली आहेत. अशा मुलांनी आजी, दुकानदार आणि नात यांना तीन भाषा दिल्या असतील, तर त्यांनी आपल्या गल्लीत जे ऐकले तेच लिहिले आहे, आणि विद्यार्थ्याच्या लेखनाकडून मी तरी पहिली अपेक्षा हीच ठेवतो. त्यांच्याकडून मागायचे ते वेगळेच आहे. त्या आजीचे मराठी मालिकांमधून उचललेले वाटू नये, तिचा 'ळ' आणि 'ण' स्वच्छ असावा, आणि ती बडोद्याचीच वाटावी. मुलांनी बोलावले तर या कामासाठी जरूर जा. पण पुण्याच्या सदाशिव पेठेतले मराठी तिच्या तोंडी घालू नका. तिच्या वाक्यात एखादा गुजराती शब्द सहज येत असेल, तर तो राहू द्या.

'आपल्या वेळची सर नाही' या वाक्यावर मी फार थांबणार नाही. आपल्या वेळचे जे प्रयोग आपल्याला आठवतात ते रंगलेले प्रयोग असतात. ज्या प्रयोगात दिव्यांचा डिमर बंद पडला आणि दहा मिनिटे सगळे अंधारात उभे राहिले, त्याची आठवण कोणी सहसा काढत नाही.

जुने नाटक जरूर करा, पण त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात करू नका. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण माझ्या हातून एक चूक झालेली आहे. मला पदवी मिळून दोन वर्षे झाली होती, नोकरी लागली होती आणि संध्याकाळी पाय आपोआप तालमीच्या खोलीकडे वळत. त्या वर्षी दिग्दर्शन करणारी मुलगी तिसऱ्या वर्षाला होती. शेवटच्या प्रसंगात तिने वडिलांची भूमिका करणाऱ्या मुलाला प्रेक्षकांकडे पाठ करून बसवले होते. नटाने पाठ दाखवू नये, असे म्हणत मी उठलो आणि कोणी काही बोलण्याआधी त्या मुलाला खांद्याला धरून समोर फिरवले. ती काही बोलली नाही. संहितेच्या वहीत तिने पेन्सिलीने काढलेला बाण खोडरबराने पुसला, कागदावरचा चुरा फुंकला आणि उलट दिशेचा नवा बाण काढला. प्रयोगात तो प्रसंग पडला. वडिलांचा चेहरा समोर दिसत असल्यामुळे बातमी येण्याआधीच ती प्रेक्षकांना कळली, आणि पाठ ठेवण्यामागे तिचा हेतू काय होता हे मला विंगेत उभा असताना उमगले. मी तिची माफी मागितली. पण तो तिचा कॉलेजमधला शेवटचा प्रयोग होता आणि तो मी तिच्याकडून काढून घेतला होता.

विद्यार्थ्याच्या आयुष्यात वार्षिक कार्यक्रमाच्या तारखा तीनच येतात. त्यातली एकही आपण घेऊ नये. आपल्या नाटकासाठी दुसरा दिवस ठरवा, सभागृहाचे भाडे आपल्या खिशातून भरा, आणि मुलांना पाहुणे म्हणून पुढच्या रांगेत बसवा. त्यांच्या प्रयोगाला मात्र तिकीट काढून जा आणि शेवटच्या रांगेत बसा. पहिल्या रांगेतून सगळेच ऐकू येते. कोणते वाक्य कुठे विरले, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाच कळते. ज्याने तीन वर्षे त्या रंगमंचावर आवाज लावला आहे, त्याच्याइतके ते कोणाला नेमके सांगता येणार नाही. मुलांनी विचारले तर दुसऱ्या दिवशी तेवढे सांगा.

प्रश्न : मी आमच्या नाट्यगटाची सचिव आहे आणि दुसऱ्या वर्षाला शिकते. आमचे माजी विद्यार्थी एका नामवंत मराठी लेखकाच्या नाटकाचा तिकीट लावून प्रयोग करण्यासाठी पैसे द्यायला तयार आहेत. विद्यार्थ्यांना लेखकाची परवानगी लागत नाही, असे त्यांच्यापैकी एकजण खात्रीने सांगतात. ते खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, प्रतापगंज

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि तुमच्या बाबतीत नेमके उरलेले अर्धे लागू पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी केलेल्या प्रयोगाला सूट दिलेली आहे. पण प्रेक्षक म्हणून संस्थेतले विद्यार्थी, कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित माणसेच असावीत, अशी त्या सवलतीची अट आहे. त्याच कलमात हौशी मंडळांनाही सूट आहे, पण ती पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगापुरती. तुम्ही गावातल्या प्रेक्षकांना तिकीट विकणार आहात, म्हणजे या दोन्ही सवलतींच्या बाहेर जाता. परवानगी घ्यावीच लागेल.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, आणि ती साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. चंद्रवदन मेहता १९९१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटके २०५१ सालच्या अखेरपर्यंत या हक्काखाली आहेत. गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये आणि राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या नाटकांना परवानगीचा प्रश्न येत नाही. अनुवाद किंवा रूपांतर करणार असाल, तर ती परवानगी वेगळी मागावी लागते. अनुवादकाचा हक्क पुन्हा स्वतंत्र असतो, हे मुलांच्या हमखास नजरेतून सुटते. प्रयोगाचे चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायचे असेल, तर पत्रात तसे स्पष्ट लिहा. प्रयोगाच्या परवानगीत चित्रीकरण आपोआप येत नाही.

पत्र साधे आणि पूर्ण असावे. गटाचे नाव, प्रयोगाची तारीख आणि जागा, आसनसंख्या, तिकिटाचा दर, आणि संहितेत काही कापणार असाल तर नेमके काय, एवढे त्यात असले म्हणजे झाले. विद्यार्थ्यांकडून मानधन किती घ्यायचे हे लेखक किंवा वारस ठरवतील. ते सांगतील तेवढे प्रयोगाआधी द्या, आणि ते माफ केले तरी आभाराचे पत्र पाठवा. तुमच्या माजी विद्यार्थ्यांना खर्च उचलायचाच आहे, तर मानधनाची रक्कम त्यांनी आधी बाजूला काढावी, असे त्यांना माझ्या नावाने सांगा.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या वर्षाला आहे आणि वडिलांच्याच जुन्या नाट्यगटात शिरली आहे. तिच्या वडिलांना याचा इतका आनंद झाला आहे की तिला घ्यायला म्हणून जातात आणि तालमीत तासभर बसून राहतात. घरी जेवताना ते तिला तिच्या भूमिकेविषयी सांगत असतात. सुरुवातीला ती हसून ऐकत असे, आता गप्प असते. तालमीला रात्रीचे नऊ वाजतात, ही काळजी वेगळीच. मी काय करावे?
— एक आई, कारेलीबाग

उत्तर : ताई, आपण जे पाहिलेत ते बरोबर पाहिलेत. मुलगी गप्प झाली, कारण तालमीच्या खोलीत ती आता कोणाची तरी मुलगी आहे. पहिल्या वर्षाच्या मुलीला तिथे चुकायला जागा हवी असते. तिला वाक्य विसरायचे असते, चुकीच्या बाजूने एंट्री घ्यायची असते, दिग्दर्शकाचे बोलणे ऐकून घ्यायचे असते, आणि हे सारे वडिलांच्या देखत करणे कोणत्याही मुलीला जड जाते. गटातल्या इतर मुलांनाही ते अवघड होते, कारण घरच्या माणसासमोर तिला काही सुनवायचे म्हटले की त्यांची जीभ अडते.

तिच्या वडिलांना माझी विनंती अशी की, रंगीत तालमीपर्यंत त्यांनी तालमीच्या खोलीत पाऊल टाकू नये. घ्यायला जरूर जावे, पण फाटकाबाहेर थांबावे. त्यांचा आनंद खोटा नाही, आणि तो दाबून ठेवावा असेही मी म्हणत नाही. तो व्यक्त करायला त्यांना बाहेर भरपूर काम आहे. रात्री नऊला तालीम सुटल्यावर दूर राहणाऱ्या मुली कशा जातात, हे कोणी पाहते का? चार पालकांनी मिळून आठवड्याचे वार वाटून घेतले आणि मुलींना घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था लावली, तर आपल्या काळजीचे उत्तर मिळेल आणि त्यांच्या उत्साहाला वाटही. तालमीनंतर सगळ्या मुलांना सेव-उसळ खाऊ घालायची असेल, तर तीही खुशाल घालावी. फक्त ती खाताना अभिनयावर बोलू नये.

अभ्यासाचे आपण विचारले नाहीत, पण ते आपल्या मनात असणार. तालमीची वेळ संध्याकाळी ठरलेली असेल आणि ती पाळली जात असेल, तर अभ्यास बुडतोच असे नाही. धोका असतो तो प्रयोगाआधीच्या शेवटच्या दहा दिवसांत, जेव्हा नेपथ्य रंगवायचे असते आणि मुले दुपारचे तास सोडून जातात. तेवढ्या दिवसांपुरते तिच्याशी आधी बोलून घ्या. ती काय म्हणते ते ऐका, आणि त्या वेळी वडिलांनी जवळ नसलेले बरे.

प्रश्न : मी बडोद्याचा माजी विद्यार्थी असून आता पुण्यात नोकरी करतो. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात आमच्या मुलांची एकांकिका मी मुद्दाम प्रवास करून पाहिली. ती सर्वांत सरस होती, हे प्रेक्षकांच्या टाळ्यांवरून दिसत होते, तरी बक्षीस मिळाले नाही. माझ्या घड्याळाप्रमाणे प्रयोग ३४ मिनिटांचा झाला, पण एवढ्या-तेवढ्या मिनिटांनी काय बिघडते? आम्ही काही माजी विद्यार्थी परीक्षकांविरुद्ध निषेधाचे पत्र पाठवणार आहोत. आपले मत कळवावे.
— एक माजी विद्यार्थी, पुणे

उत्तर : पत्र पाठवू नका. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटे असतात, स्किटला १० आणि मूकाभिनयाला ५, आणि वेळेचा हा नियम मुलांना पहिल्या वाचनाच्या दिवसापासून ठाऊक असतो. चार मिनिटे जास्त घेतलेल्या प्रयोगाला बक्षीस दिले असते, तर ज्या संघाने आपल्या आवडीचा एखादा प्रसंग छातीवर दगड ठेवून कापला, त्याच्यावर अन्याय झाला असता. आपल्या मुलांनाही हे कळलेले असणार. आपण निषेध नोंदवलात, तर जी चूक त्यांना दिसली आहे ती झाकण्याची सवय तेवढी त्यांना लागेल.

आपण पुण्यात राहता, म्हणून पुरुषोत्तम करंडकाची आठवण देतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात निकालाच्या आधी 'अरे, आवाज कुणाचा' ही आरोळी आपण ऐकली असेलच. २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडकाला पात्र असा एकही संघ नाही, असा निर्णय दिला. मुलांना तो लागला, त्यावर चर्चा झाली, आणि मलाही तो ऐकताना कठोर वाटला होता. पण पुढच्या वर्षीच्या तालमी त्यामुळे थांबल्या नाहीत. विद्यार्थी नाटकाकडे एवढ्या गंभीरपणे पाहणारी माणसे आहेत, याचा मला त्या निर्णयात मानच वाटतो.

आपण इतका प्रवास करून गेलात, हीच त्या मुलांसाठी मोठी गोष्ट आहे. त्यांना चार ओळी लिहा आणि त्यात निकालाचे नाव काढू नका. कोणत्या क्षणी आपला श्वास रोखला गेला, तो प्रसंग आणि ते वाक्य नेमके लिहा. टाळ्या सगळ्यांसाठी वाजतात. असे पत्र मात्र ज्याच्या प्रसंगाविषयी लिहिलेले असते, तो मुलगा ते वर्षानुवर्षे जपून ठेवतो. आणि शेवटी विचारा की, पुढच्या वर्षी तालमीत घड्याळ लावून बसायला कोणी हवे आहे का.

प्रश्न : आम्ही काही माजी विद्यार्थी आमच्या नाट्यगटाचा इतिहास लिहिण्याचे ठरवत आहोत. एका ज्येष्ठ सभासदाच्या मते गटाची परंपरा थेट सयाजीराव महाराजांच्या गायनशाळेपासून सांगावी. आपल्याला काय वाटते? आणि कामाला सुरुवात कशी करावी?
— तीन माजी विद्यार्थी, दांडिया बाजार

उत्तर : महाराजांविषयीचा आपला आदर मी समजू शकतो. त्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, या गावाला जे मिळाले त्याचा लाभ आपण सर्वांनी घेतला आहे. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झाले. गायक मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यातूनच पुढे विद्यापीठाची संगीत, नृत्य आणि नाट्य यांची विद्याशाखा उभी राहिली. विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. हा सारा गावाचा आणि विद्यापीठाचा इतिहास आहे, आणि प्रस्तावनेत तो एका परिच्छेदात येऊ द्या. आपल्या गटाचे जन्मवर्ष म्हणून मात्र १८८६ लिहू नका. ज्या मुलांनी प्रत्यक्षात पहिली तालीम लावली असेल, त्यांचे श्रेय त्याने झाकले जाईल.

गटाचा इतिहास आपल्या हातात असलेल्या पहिल्या कागदापासून सुरू करा. तारीख छापलेली कार्यक्रमपत्रिका, तालमीच्या हजेरीची वही, वर्तमानपत्राचे कात्रण, सभागृहाच्या भाड्याची पावती, यांपैकी काहीही चालेल. पहिला कागद ज्या वर्षाचा असेल, त्या वर्षापासून लिहा आणि त्याआधीचे जे नुसते ऐकलेले असेल ते ऐकीव म्हणूनच नोंदवा. संहितांच्या वह्या फार मोलाच्या आहेत, कारण छापील नाटकात न सापडणारी गोष्ट त्यांत असते : कोण कुठून आला, कुठे थांबला, दिवा कोणत्या शब्दावर गेला. या वह्या बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात, तेव्हा हे काम आधी करा. छायाचित्रांच्या मागे डावीकडून उजवीकडे नावे लिहून घ्या, आणि ती लिहिताना पडद्यामागची माणसे गाळू नका. छायाचित्रात कडेला उभा असलेला मुलगा बहुधा दिवे सांभाळणारा असतो. सर्वांत जुन्या सभासदांकडे फोनवर आवाज रेकॉर्ड करत बसा. त्यांना मोठ्या भूमिकांविषयी विचारण्याआधी लेव्हल कुठून आणत, टेम्पोला पैसे किती पडत, तालमीला खोली कोण उघडून देत असे, हे विचारा. त्यातून माणसांची नावे निघतात, आणि इतिहास लिहायला बसलेल्याला तीच हवी असतात.

वस्तूंकडेही पाहा. आमच्या गटाचे एक लाकडी स्टूल अजून वापरात आहे. मागच्या खेपेला ते मी उलटे करून पाहिले, तर एका पायाच्या तळाशी रंग खरवडला गेला होता आणि थर उघडे पडले होते : वर काळा, त्याखाली विटकरी, त्याखाली पिस्ता, मग पांढरा, आणि शेवटी कच्चे लाकूड. विटकरी रंग आमच्या वर्षी दिला होता. तो देताना माझ्या पांढऱ्या शर्टाची बाही गेली, म्हणून मला आठवते. काळा नंतरच्या मुलांचा. पिस्ता रंग आमच्या आधीचा आहे आणि तो कोणी, कोणत्या नाटकासाठी दिला, हे मी आता शोधतो आहे. आपल्या गोदामात असे एखादे स्टूल, पेटी किंवा नेपथ्यातल्या दाराचा फ्लॅट (रंगवलेली चौकट) असेल, तर या वर्षीची मुले त्यावर नवा रंग चढवण्याआधी त्याची छायाचित्रे काढून ठेवा, आणि मग त्यांना तो रंग खुशाल चढवू द्या.